किताब आणि घर

नीलिमा इब्राहिम यांचे 'आमि बीरांगना बोलछि' (१९९४) हे पुस्तक मी इंग्रजी अनुवादातून वाचले. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी सैनिकांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या आणि घरादाराला मुकलेल्या सात बंगाली स्त्रियांची ही कथने. लेखिका ढाका विद्यापीठात बांगला शिकवीत. या स्त्रियांच्या पुनर्वसनाच्या कामात त्या स्वतः होत्या.

युद्ध संपताच नव्या सरकारने या स्त्रियांना 'वीरांगना' हा किताब दिला. हेतू चांगला होता, हे मान्य केलेच पाहिजे. १९७२ साली पुनर्वसन मंडळ निघाले. गर्भपाताची सोय झाली, शिवणकाम आले, तरुणांना लग्नाचे आवाहन झाले. परंतु लोकांनी ईकाराचा आकार केला आणि वीरांगनेची वारांगना झाली. वरून बहाल केलेल्या नावाचे काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 'हरिजन' म्हटल्याने गावची विहीर खुली झाली नव्हती.

सर्वांत बोचणारा प्रसंग युद्धकैद्यांच्या परतीचा आहे. त्यांच्याबरोबर काही स्त्रिया पाकिस्तानात जायला निघाल्या, तेव्हा लेखिका त्यांना थांबवायला गेल्या. त्या थांबल्या नाहीत. ज्याने उद्ध्वस्त केले त्याच्याच देशात आसरा शोधावा, इतके आपले घर परके झाले होते. एका कथनातला बाप तर डॉक्टर आहे. तोही मुलीला घरी नेत नाही. शिक्षणाने माणूस बदलतो असे वर्गात सांगणाऱ्या माझ्यासारख्या, घराण्यातल्या पहिल्या पदवीधराला हे पान सहज उलटता येत नाही. जात टिकते ती स्त्रीवरच्या बंधनांतून, हे बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधातच दाखवले. इथे देश वेगळा, धर्मही बहुतांशी वेगळा. विटाळाची कल्पना मात्र तीच.

तरी एक तक्रार नोंदवतो. सातही जणी जवळजवळ एकाच, प्राध्यापिकेच्या भाषेत बोलतात. गरीब बाईला अब्रूआधी भाकरीचा प्रश्न पडतो. तिने काम कोणाच्या दारात मागितले, ते कोणी दिले, कोणी हाकलले, याचा तपशील मला अपुरा वाटला. सहानुभूती आहे, पण ती खुर्चीत बसून ऐकणाऱ्याची.

तिसरा भाग लेखिकेने लिहिलाच नाही. प्रकृती हे एक कारण. समाज या स्त्रियांचा पुन्हा अपमान करील ही धास्ती दुसरे. २०१५ साली बांगलादेश सरकारने वीरांगनांना मुक्तियोद्धा म्हणून मान्यता द्यायला सुरुवात केली, दरमहा मानधनाचा हक्क आला. तोवर नीलिमा इब्राहिम जाऊन तेरा वर्षे झाली होती, आणि कित्येक वीरांगनाही उरल्या नव्हत्या.