‘मी’चे व्याकरण : सतिपट्ठानसुत्ताचे एक वाचन

पाली वाङ्मय मराठी वाचकाला एकाच वेळी जवळचे आणि दूरचे वाटते. त्यातील पुष्कळसे पारिभाषिक शब्द त्याच्या नित्याच्या बोलण्यातले असतात. मात्र तेच शब्द तेथे निराळ्या अर्थाने वावरतात. ‘वेदना’ म्हणजे मराठीत यातना. पालीत ती सुखद, दुःखद आणि यांपैकी कोणतीच नव्हे अशी त्रिविध अनुभूती आहे. मराठीत ‘विज्ञान’ प्रयोगशाळेत जाऊन बसले. पालीतील ‘विञ्ञाण’ म्हणजे इंद्रिय आणि विषय यांच्या आधाराने उद्भवणारी जाणीव. ‘सति’ हे तर ‘स्मृती’चेच पाली रूप. परंतु आपली स्मृती भूतकाळाकडे वळलेली असते, तर सति चालू क्षणाचे विस्मरण होऊ देत नाही.

यांतील सर्वांत फसवा शब्द ‘संस्कार’ हा होय. मराठी घरात ‘चांगले संस्कार’ ही स्तुती असते आणि ‘संस्कार नाहीत’ हा आरोप. पालीतील ‘सङ्खार’ या शब्दात अशी स्तुती नाही. जे अनेक कारणांनी घडले आहे आणि जे पुढचे काही घडवीत राहते, ते सङ्खार. आणि घडलेले म्हणूनच अनित्य. ज्याला आपण जपण्याची ठेव मानतो, त्याकडे बुद्ध तपासण्याची सामग्री म्हणून पाहतात. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथाने हा विचार मराठी वाचकाच्या दारी आणला. तरी शब्दांच्या परिचयामुळे उभा राहणारा अडसर प्रत्येक वाचकाला स्वतःच ओलांडावा लागतो.

मज्झिमनिकायातील दहावे सुत्त म्हणजे सतिपट्ठानसुत्त. कुरूंच्या कम्मासधम्म या निगमात दिलेल्या या उपदेशात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी निरीक्षणाची चार क्षेत्रे सांगितली आहेत. हे सुत्त साधनेची पुस्तिका म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्याकडे वाङ्मयीन रचना म्हणून पाहिले, तर त्याच्या क्रियापदांत एक विलक्षण गोष्ट आढळते.

कायेच्या भागात चालणारा साधक ‘गच्छामि’ असे जाणतो. वेदनेच्या भागातही ‘वेदयामि’ हे प्रथमपुरुषी रूप येते. ‘अहं’ हे सर्वनाम मात्र दोन्ही ठिकाणी उच्चारलेले नाही. ‘मी’ केवळ प्रत्ययापुरता उरला आहे. चित्ताच्या भागात तोही नाहीसा होतो. तेथे साधक ‘मी रागयुक्त आहे’ असे म्हणत नाही. चित्त रागयुक्त आहे एवढेच जाणतो. पुढे नीवरणांच्या संदर्भात ‘मे’ म्हणजे ‘माझ्या ठायी’ असे रूप परत येते खरे. पण तेथे ‘मी’ कर्ता नसून एखादी गोष्ट आढळण्याचे केवळ स्थळ आहे. पाच स्कंधांपाशी पोहोचल्यावर तेही उरत नाही. हे रूप, हा त्याचा उदय, हा त्याचा अस्त, एवढीच नोंद राहते. अनात्मवादाचा सिद्धांत न मांडता सुत्ताची वाक्यरचनाच तो हळूहळू आचरून दाखवते. वाचकाला कंटाळवाणी वाटणारी पुनरुक्तीही येथे कार्य करते. एकच साचा पुन:पुन्हा आल्याने त्यातील लहानसा बदल कानाला जाणवू लागतो.

मराठी अनुवादात हे सारे कठीण होऊन बसते. ‘गच्छामि’चे मराठी करताना ‘मी’ टाळता येईल. पण ‘चालतो’ म्हणावे की ‘चालते’? पाली क्रियापद जे सांगत नाही, ते आपले क्रियापद सांगितल्याविना राहत नाही. मराठीत ‘मी’ विचारापूर्वीच स्त्री किंवा पुरुष होऊन अवतरतो. संयुत्तनिकायातील सोमा भिक्खुणीला मार तिच्या स्त्रीत्वावरून हिणवतो, तेव्हा तिच्या उत्तराचा आशय असा : ‘मी स्त्री आहे’, ‘मी पुरुष आहे’ किंवा ‘मी अमुक आहे’ असे ज्याच्या मनात येते, त्याच्याशीच माराने बोलावे. भाषेने घडवलेल्या ‘मी’ची इतकी नेमकी जाण प्राचीन साहित्यात विरळाच.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. मन कसे घडते हे आत पाहून कळेल. पण ज्या व्यवस्थेने ते घडवले, तिचे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीविषयी मूलभूत शंका उपस्थित केली आहे. दुःखाचे मूळ केवळ दुःखिताच्या तृष्णेत शोधले, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच माथी त्याचा दोष येतो, हे भान त्या ग्रंथाने दिले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून चालत आलेली शिबिरे आणि आंबेडकरी धम्मचळवळ यांच्यातील अंतराच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर सुत्तात नाही. पण त्याचा एक धागा तेथे निश्चित आहे. प्रत्येक अभ्यासाच्या शेवटी येणाऱ्या पालुपदात निरीक्षण ‘अज्झत्तं’ म्हणजे आत, ‘बहिद्धा’ म्हणजे बाहेर, आणि दोन्हीकडे करावे असे सांगितले आहे. आधुनिक साधनाविचारात पहिल्या शब्दाचा जेवढा विस्तार झाला, तेवढा दुसऱ्याचा झाला नाही. परंपरेने ‘बाहेर’ म्हणजे इतरांच्या ठायी असा अर्थ केला आहे. शिवाय दीघनिकायातील महानिदानसुत्त याच कम्मासधम्मात सांगितले गेले. त्यात तृष्णेतून शोध, लाभ, आसक्ती, परिग्रह, कृपणता आणि राखण असा क्रम लावून तो दंड, शस्त्र, कलह आणि असत्य यांपर्यंत नेला आहे. मनाच्या कार्यकारणाची साखळी येथे थेट समाजाच्या हिंसेत उतरते. हा भाग सतिपट्ठानाशेजारी ठेवून वाचला, तर ‘आत’ आणि ‘बाहेर’ ही फारकत मूळ विचाराची नसून उत्तरकालीन वाचनाची ठरते.

मराठी साहित्यात या दुहेरी निरीक्षणाचे एक रूप दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दिसते. तेथे दगडू मारुती पवार बोलतो आणि सुशिक्षित दया पवार ऐकतो. एकाच माणसाची ही दोन नावे परस्परांना ओळखून आहेत, पण एकरूप नाहीत. हे साधनाग्रंथाचे अनुकरण नव्हे, आणि त्याला तसे म्हणणे त्यातील दाहाला सौम्य करणे होईल. तथापि जातीने घडवलेला ‘मी’ आणि त्याच्याकडे पाहणारी जाणीव यांच्यातील अंतर निर्माण केल्याविना ते लेखन संभवले नसते. संस्कार ही ठेव नसून लादलेली घडणही असू शकते, हे तेथे पानोपानी सिद्ध होते.

म्हणून सतिपट्ठानसुत्ताचे मराठी वाचन शांतीच्या अपेक्षेपुरते मर्यादित ठेवणे हे त्या ग्रंथाला न्याय देणारे नाही. आपल्या भाषेतील ज्या शब्दांना आपण निर्दोष मानतो, त्यांचीही तपासणी ते मागते. ‘संस्कार’ हा शब्द उच्चारताना ते कोणी, कोणावर आणि कोणत्या हेतूने केले, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहिला, तर या प्राचीन सुत्ताचे मराठीत खरे अवतरण झाले असे म्हणता येईल.