विषाचे वजन कोणत्या तराजूत?

एक किलो मीठ आणि एक किलो सोमल यांची बेरीज दोन किलो होते. गणित बरोबर आहे. पण त्यावरून धोका किती, हे कळत नाही. उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या विषारी द्रव्यांचा हिशेब मांडताना मात्र अशी बेरीज सर्रास केली जाते.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८६ साली अमेरिकेत एक कायदा झाला. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त विषारी रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांनी आपण काय आणि किती बाहेर टाकले, हे दरवर्षी जाहीर करावे लागते. १९९८ च्या नोंदीपासून धातूंच्या खाणी त्यात आल्या आणि वजनाच्या यादीत एकदम पहिल्या क्रमांकावर गेल्या. जमिनीवर टाकलेल्या खडकाच्या ढिगाऱ्यातील धातू आणि हवेत मिसळलेली वाफ किलोच्या काट्यावर सारखीच ठरतात, हे त्याचे कारण.

आता पुरवठा साखळीकडे वळू. मोटारीमागे पोलाद असते, पोलादामागे कोळसा आणि वीज. हे धागे जोडण्यासाठी वासिली लिआँटिएफ यांची (अर्थशास्त्राचे नोबेल, १९७३) आदान-प्रदान कोष्टके उपयोगी पडतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी ती या नोंदींशी जोडली. शिवाय १९९५ साली त्यांनी विषारीपणाचा एक निर्देशांक सुचवला: प्रत्येक रसायनाच्या वजनाला कामाच्या जागी हवेत चालणाऱ्या कमाल मर्यादेने भागायचे आणि उत्तर सल्फ्युरिक आम्लाच्या तुल्य किलोंत मांडायचे.

एक उदाहरण पाहू. एक कारखाना १००० किलो मिथेनॉल सोडतो, दुसरा १ किलो शिसे. घनमीटर हवेतील मर्यादा मिथेनॉलसाठी सुमारे २६० मिलिग्रॅम, शिशासाठी ०.०५ मिलिग्रॅम. आम्लाची मर्यादा तेव्हा १ मिलिग्रॅम होती. म्हणजे पहिला कारखाना सुमारे ४ तुल्य किलो, तर दुसरा २०. हजारपट मागे असलेला आता पाचपट पुढे गेला!

हा तराजू पहिल्यापेक्षा निश्चितच बरा. पण ही मर्यादा आठ तास श्वास घेणाऱ्या प्रौढ कामगारासाठी ठरवलेली आहे. लहान मूल, नदीतील मासा, मातीत वर्षानुवर्षे टिकणारे शिसे यांचा विचार तिच्यात नाही. शिवाय २००४ साली सल्फ्युरिक आम्लाचीच मर्यादा ०.२ वर आली. नवा आकडा वापरला तर धूर तेवढाच राहूनही वरील दोन्ही उत्तरे एक-पंचमांश होतात.

२००८ साली मांडलेले ‘यूएसईटॉक्स’ हे प्रारूप रसायन कुठे जाते, माणसापर्यंत किती पोहोचते आणि काय अपाय करते, हे तिन्ही पाहते. कल्पना योग्यच आहे. मात्र मानवी आरोग्यासाठीच्या त्याच्या गुणकांत शंभर ते हजारपट अनिश्चितता असू शकते, असे रचनाकारांनीच सांगितले आहे. तेव्हा दोन उत्पादनांत दुपटीचा फरक दिसला म्हणून एकाला ‘स्वच्छ’ म्हणणे धाडसाचेच.

आणखी एक उणीव सर्व तराजूंना सारखीच आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना ही नोंद देण्याचे बंधन नाही. साखळीच्या टोकाची छोटी मुलामा देणारी दुकाने त्यामुळे हिशेबातून सुटतात. जे नोंदवलेच नाही, त्याला कोणताही गुणक लावला तरी उत्तर शून्यच.

मग मोजूच नये का? जरूर मोजावे, मात्र एकाच आकड्यावर निकाल देऊ नये. तिन्ही तराजूंत क्रम तोच राहिला तर निष्कर्षावर विश्वास ठेवावा. बदलला तर का बदलला, ते शोधावे. मिथेनॉल-शिशाचे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर सहज होते. उत्तरापेक्षा ‘हे कोणासाठी धोक्याचे?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला, तर तास सार्थकी लागला असे समजावे.