अनेक उत्तरांचा प्रश्न : वेब-अर्जांतील भाषानोंदीची चिकित्सा

भाषाविषयक सर्वेक्षणे अलीकडे वेबवरील अर्जांद्वारेही घेतली जातात. ‘आपणांस कोणकोणत्या भाषा येतात?’ असे विचारून खाली भाषांची यादी द्यावयाची व प्रत्येकीपुढे खुणेसाठी चौकट ठेवावयाची, ही त्यांतील रूढ रीत होय. ती सोयीची खरी. परंतु शास्त्रदृष्ट्या ती सदोष आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम साठवणीचा विचार करू. एका व्यक्तीस अनेक भाषा येतात व एक भाषा अनेकांस येते. हा संबंध पुष्कळदा व्यक्तींच्या कोष्टकातील एकाच रकान्यात ‘मराठी, कोंकणी, कन्नड’ असा कोंबला जातो. रकान्यातील मूल्य अविभाज्य असावे, हा एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या डेटाबेसच्या संबंधाधिष्ठित प्रतिमानातील दंडक येथे मोडतो. त्यावरील उपाय परिचित आहे : व्यक्ती आणि भाषा यांना जोडणारे तिसरे कोष्टक.

तथापि तेवढ्याने काम भागत नाही. भारताच्या २०११ च्या जनगणनेत मातृभाषेखेरीज अवगत असलेल्या जास्तीत जास्त दोन भाषा प्रावीण्याच्या क्रमाने नोंदवावयाच्या होत्या. हा क्रम व्यक्तीचाही गुण नाही व भाषेचाही नाही. तो त्या दोहोंमधील संबंधाचा गुण आहे. कारकत्व जसे नामाच्या ठिकाणी स्वभावतः नसते, क्रियेशी संबंध आला म्हणजेच येते, तसाच हा प्रकार. चौकटींच्या यादीत मात्र हा क्रम उमटतच नाही. खुणा कोणत्याही क्रमाने केल्या, तरी ब्राउझर त्या अर्जातील क्रमानेच सर्व्हरकडे धाडतो. शिवाय रिकाम्या चौकटीविषयी तो काहीच कळवीत नाही. त्यामुळे ‘भाषा येत नाही’ आणि ‘उत्तर दिले नाही’ यांतील भेद पुसला जातो. दुरुस्तीच्या वेळी जुने सर्व दुवे खोडून नवे लिहिण्याची पद्धत ठेवली, तर दुव्यावर नोंदलेले प्रावीण्यही त्यांच्याबरोबर नष्ट होते.

यास्तव प्रत्येक भाषेस अर्जात स्वतंत्र ओळ द्यावी, तीत ‘येते’ व ‘येत नाही’ हे दोन्ही पर्याय ठेवावेत आणि येणाऱ्या भाषेपुढे प्रावीण्याचा क्रम विचारावा. अर्ज लांबेल, असा आक्षेप येईल. त्यावर यादी आखडती घ्यावी. प्रश्न बोथट करू नये. बहुभाषिकतेचा अभ्यास ज्या भेदांवर उभा आहे, ते नोंदीच्या वेळीच गमावले, तर पुढील कोणत्याही गणिताने ते परत मिळावयाचे नाहीत.