शबनममधला कॅमेरा

कॅमेऱ्याच्या पिशवीवर कंपनीचं नाव ठसठशीत छापणाऱ्यांचा मी निषेध करतो. ही पिशवी की चोराला आमंत्रण? त्यापेक्षा आपली शबनम बरी. तळाशी बायकोचा जुना स्वेटर, त्यावर कॅमेरा. आत कवितांची वही असणार, या धास्तीने लोक चार हात लांबच राहतात!

लेन्स मात्र वडिलांची, ४२ मिलिमीटर आट्यांची. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर, मधे आरसा असे ना! माझ्या बिनआरशाच्या सोनीत अंतर अवघं १८. उरलेले २७.४६ एक पोकळ कडं भरून काढतं. इतका चोख ताळा आमच्या काउंटरवर क्वचितच लागतो. फोकस मात्र हाताने. तोवर पोरगी पाठ करून पळालेली. वडिलांनी काढलेल्या फोटोंत मी कायम पाठमोरा का, ते आत्ता कळलं.