वंश, जात आणि वर्ग : मुळशी परिसरातील साहित्य-अध्यापन आणि बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा

प्रस्तावना

साहित्यातून वंश आणि सामाजिक वर्ग यांचे दर्शन कसे घडते, हा प्रश्न पदवी स्तरावरील अध्यापनात नवा राहिलेला नाही. दलित आत्मकथने, ग्रामीण कादंबरी आणि आफ्रिकन-अमेरिकन साहित्य यांचा अभ्यासक्रमात समावेश होऊन बराच काळ लोटला आहे. तथापि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दुःखाविषयी मोकळेपणाने बोलणारे विद्यार्थी चर्चा जातीकडे वळताच गप्प होतात, हे अनेक प्राध्यापकांच्या परिचयाचे आहे. ही शांतता अज्ञानातून येत नाही. वर्गात कोण कोणत्या आळीतून येतो हे प्रत्येकाला ठाऊक असते, त्या जाणिवेतून ती येते. बाबूराव बागूल (१९३०-२००८) यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातील शीर्षककथेच्या आधारे या शांततेचा अर्थ लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तुलनेची मराठी परंपरा

वंश आणि जात यांची तुलना मराठी विचारविश्वात बाहेरून आलेली नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार करून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील निवेदनाविषयी विचारणा केली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याचा परिचय मराठी वाचकांना करून दिला.

परंतु याच परंपरेत तुलनेच्या मर्यादेचे भानही आहे. जातिव्यवस्था वंशभेदावर आधारलेली आहे, हे मत डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये अमान्य केले. २००१ साली डर्बन येथे झालेल्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेच्या निमित्ताने जातीचा प्रश्न वंशाच्या चौकटीत मांडावा की नाही, यावर मोठा वाद झाला. दलित संघटनांनी तो मांडण्याचा आग्रह धरला, तर भारत सरकारने त्यास विरोध केला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला या वादातून एक उपयुक्त सूत्र मिळते. तुलना रक्ताची नव्हे, तर अवमानाच्या रचनेची करावयाची असते.

दिसणारा रंग आणि विचारली जाणारी जात

या दोन रचनांमधील फरक बागूलांच्या कथेत स्पष्ट होतो. नेला लार्सन यांच्या ‘पासिंग’ (१९२९) या कादंबरीत उजळ वर्णाची एक कृष्णवर्णीय स्त्री गोरी म्हणून वावरते. तेथे लपणे मोजक्यांनाच शक्य आहे, कारण इतरांचा वर्ण त्यांची ओळख आधीच सांगून टाकतो. जात मात्र कातडीवर दिसत नाही. त्यामुळे ती लपविणे कोणालाही शक्य आहे, आणि म्हणूनच ती हुडकून काढण्याची साधने समाजाने घडवून ठेवली आहेत. आडनाव, गाव, नातेवाईक, जेवणाची पंगत ही ती साधने होत. रंग पाहिला जातो, जात विचारली जाते. बागूलांच्या कथेतील हिंसेचा आरंभ मारहाणीच्या कितीतरी आधी, या विचारण्यात आहे.

रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातमध्ये गेलेला कथेचा निवेदक सुशिक्षित आणि नव्या भारताविषयी आशावादी आहे. राहण्यास जागा मिळविताना जातीचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. जात झाकल्यावर त्याला आदर मिळतो, स्नेह मिळतो. ती उघड होताच तीच माणसे त्याच्यावर तुटून पडतात. त्याच्यात काहीही बदललेले नसते, बदललेली असते ती केवळ इतरांची माहिती. दुसरीकडे काशीनाथ हा सहकारी आपली जात लपवीत नाही आणि अपमानाला थेट आव्हान देतो. या दोघांपैकी अधिक स्वाभिमानी कोण, अशी परीक्षेतील प्रश्नासारखी तुलना करणे कथेवर अन्याय करणारे ठरेल. एकाच कोंडीतून निघण्याच्या त्या दोन वाटा आहेत आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते.

शीर्षकातील क्रियापदही विचारात घेण्याजोगे आहे. निवेदकाने जात ‘लपविली’ असे बागूल म्हणत नाहीत, ‘चोरली’ असे म्हणतात. चोरी म्हटली की मालमत्ता आली, मालक आला आणि शिक्षाही आली. प्रतिष्ठा ही काहींची खाजगी मालमत्ता आहे हे समाजाचे गृहीतक लेखक वरकरणी मान्य करतो आणि त्यातील विपरीतता उघडी पाडतो. ज्याचे सारे लुटले गेले त्यालाच येथे चोर ठरविले जाते. शिवाय निवेदकाला रेल्वेतील पगाराची नोकरी आहे. आर्थिक वर्ग बदलला की जातीचा प्रश्न आपोआप सुटतो, या समजुतीला ही कथा तडा देते.

मुळशीचा संदर्भ

मुळशी तालुक्यातील विद्यार्थ्याला हा आशय दूरचा नाही. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आणि पिरंगुट परिसरातील कारखाने यांमुळे बाहेरगावचे असंख्य कामगार येथील गावांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. म्हणजे परक्या गावी खोली शोधणारा निवेदक आणि त्याला आडनाव विचारणारा घरमालक, दोघेही या परिसरात आहेत. पीडिताशी समरस होणे वाचकाला सोपे जाते. खोली देणाऱ्याच्या जागी स्वतःला पाहणे अवघड असते, आणि कथेचे खरे आव्हान तेच आहे.

वर्गाचा प्रश्नही या भूमीच्या इतिहासात आहे. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला मुळशी सत्याग्रह सेनापती बापट यांच्या नावाने स्मरला जातो. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासातून मात्र हेही दिसते की, जमिनीचे सावकार-मालक आणि ती कसणारे मावळे यांचे हितसंबंध एक नव्हते. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (१९९१) या धरणग्रस्तांवरील कादंबरीसोबत हा इतिहास वाचल्यास एक प्रश्न पुढे येतो. बुडणाऱ्या गावात ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्याच्या नुकसानीची नोंद कोठे झाली? ‘गाव’ या एका शब्दाखाली झाकलेले थर या प्रश्नाने मोकळे होतात.

अध्यापनाविषयी

बागूलांची कथा शिकविताना एक धोका सातत्याने संभवतो. चर्चा जिवंत व्हावी या सद्हेतूने प्राध्यापक एखाद्या विद्यार्थ्याला ‘तुझा अनुभव सांग’ असे सुचवितात. जात सांगण्यास भाग पाडल्या गेलेल्या माणसाची कथा शिकविताना विद्यार्थ्याला जात सांगण्यास भाग पाडणे, ही त्या कथेचीच पुनरावृत्ती होय. त्या क्षणी तो विद्यार्थी वाचक राहत नाही, नमुना बनतो. म्हणून प्रश्न व्यक्तीला न विचारता संहितेला विचारले पाहिजेत. कोण विचारतो, कोणत्या निमित्ताने, आणि उत्तर मिळाल्यावर त्याची भाषा कशी बदलते, यांचा शोध सर्व विद्यार्थी समान भूमिकेवरून घेऊ शकतात.

स्वेच्छेने बोलणाऱ्याला मात्र पूर्ण अवकाश हवा. पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. अस्पृश्यता, दारिद्र्य आणि स्त्रीचे हाल हे तिन्ही प्रश्न तिने एकाच लेखनात आणले. तिच्या हाती लेखणी होती, म्हणून ती कोणाच्या कुतूहलाचा विषय न होता निबंधाची लेखिका झाली.

समारोप

वंश, जात आणि वर्ग यांचा तौलनिक अभ्यास आवश्यक आहे. मात्र दूरच्या दुःखाविषयीची सहानुभूती जवळच्या अन्यायापासून सुटका करून घेण्याचे साधन बनू नये. अमेरिकन साहित्यातून निघालेली चर्चा गावाच्या वेशीपर्यंत आणि भाड्याच्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचली, तरच ती तुलना सार्थ ठरते. आडनाव विचारण्याची सवय कथेच्या वाचनाने एका विद्यार्थ्याच्या मनात जरी प्रश्नांकित झाली, तरी साहित्याच्या अध्यापनाने आपले काम केले असे म्हणता येईल.