आस्वाद, निर्णय आणि पडद्यावरची चूल

रस, रुची, आस्वाद, पाक, चर्वणा ही भारतीय साहित्यविचाराची परिभाषा स्वयंपाकघरातून उसनी घेतलेली आहे, हे आपण पदव्युत्तर वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगतो आणि पुढे विसरून जातो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताला रसनिष्पत्ती समजावून द्यायची आहे, आणि त्यासाठी तो दृष्टान्त निवडतो तो जेवणाचा. व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगातून जसा षाडवादी रस सिद्ध होतो आणि सुमनस माणूस तो चाखून जसा हर्ष पावतो, तसाच प्रेक्षक भावाभिनयाने व्यंजित झालेल्या स्थायी भावाचा आस्वाद घेतो, असे त्याचे विवरण आहे. नाट्याचे स्वरूप उलगडण्यासाठी भरताने स्वयंपाकाचा आधार घेतला. गेल्या तीनेक दशकांत दूरचित्रवाणीने नेमका हा दृष्टान्त उलटा करून ठेवला आहे. तेथे स्वयंपाकाला नाट्याचा आधार लागतो. या उलथापालथीत आस्वादाचे नेमके काय होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. पाककलेच्या दूरचित्रवाणी-स्पर्धा हा समीक्षेच्या प्रतिष्ठेला साजेसा विषय नव्हे, असे ज्यांना वाटेल त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की या स्पर्धांचे मध्यवर्ती पात्र स्वयंपाकी नसून परीक्षक आहे. म्हणजे एका अर्थी समीक्षकच आहे.

प्रथम रूपबंधांचा भेद स्पष्ट करावा लागेल. पाककृतींचे मराठी ग्रंथलेखन 'सूपशास्त्र' (1875) या पुस्तकापासून सुरू झाले असे मानतात. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' आले आणि 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा'. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही घरातली मापे छापील मजकुरात आणली, ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाची आहे. वाटीभर डाळ असे लिहिणारी लेखिका वाचकाच्या हातात वाटी आहे हे गृहीत धरते. या संहितेतला अध्याहृत वाचक कृती करणारा आहे. त्याने चूल पेटवल्याखेरीज संहिता पुरी होत नाही. 1993 मध्ये सुरू झालेल्या संजीव कपूर यांच्या 'खाना खजाना'तही हा वाचक अद्याप जिवंत होता. त्या काळी गृहिणी वही-पेन्सिल घेऊन पडद्यासमोर बसत. 2007 मध्ये झी मराठीवर आलेल्या 'आम्ही सारे खवय्ये'त प्रशांत दामले लोकांच्या पदार्थांचे कौतुक करीत. तेथे अखेरच्या घासाला 'वा!' ही दाद ठरलेलीच असे. पाहुण्याने यजमानाच्या पदार्थाला नावे ठेवू नयेत, हा आपला जुना गृहसंकेत त्या कार्यक्रमाची संरचना सांभाळीत होता. त्यात नाट्य फारसे नव्हते, हे खरे. पण पाहणाऱ्याने उद्या हे करून पाहावे, ही अपेक्षा होती.

2010 मध्ये 'मास्टरशेफ इंडिया' आले आणि हा अध्याहृत वाचक बदलला. मूळ कल्पना ब्रिटिश. तिला आजचे भव्य रूप 2009 च्या ऑस्ट्रेलियन आवृत्तीने दिले. येथे कृतीचा तपशील जवळपास नाहीसा झाला आणि घड्याळ आले. किती वाटी, किती वेळ, कोणत्या आचेवर हे कळण्याची सोय उरली नाही. कळते ते एवढेच की सात मिनिटे राहिली आहेत आणि कोणाचा तरी पाक करपतो आहे. प्रेक्षकाने पदार्थ करावा अशी आता अपेक्षाच नाही. त्याने पाहावे, आणि निकालाची वाट पाहावी.

रोलाँ बार्थने 'मिथॉलॉजीज' (1957) मध्ये एका फ्रेंच महिला-साप्ताहिकातील रंगीत पाककृतींवर एक छोटे टिपण लिहिले आहे. ज्या वाचकवर्गाला ते पदार्थ परवडणारे नाहीत, त्याच्यासाठी ते केवळ डोळ्यांनी खाण्याचे पदार्थ म्हणून सजवले जातात, हे त्याचे निरीक्षण. बार्थचे विवेचन मार्मिक आहे, परंतु ते जसेच्या तसे येथे लागू करण्याचा मोह आवरला पाहिजे. छायाचित्रातील पदार्थाला परीक्षक नसतो. पडद्यावरील पदार्थाला असतो, आणि सारा फरक त्यानेच पडतो. प्रेक्षकाला वास येत नाही, चव कळत नाही. जे कळते ते परीक्षकाच्या चेहऱ्यावरून. घास तोंडात जातो, पार्श्वसंगीत थांबते, कॅमेरा आळीपाळीने स्पर्धकाचे डोळे आणि परीक्षकाच्या भुवया टिपतो. हे सगळे अनुभाव आहेत, आणि अत्यंत कुशलतेने योजलेले आहेत. मात्र त्यांतून जो भाव व्यक्त होतो तो चवीचा नसून धास्तीचा आहे. भरताचा प्रेक्षक अन्न खाणाऱ्या सुमनस माणसाच्या जागी होता. हा प्रेक्षक मात्र निकाल ऐकण्यासाठी उभ्या असलेल्या उमेदवाराच्या जागी बसवलेला आहे. परीक्षाकेंद्री समाजात हे साधारणीकरण चटकन साधावे, यात नवल नाही.

निर्णयाची भाषाही पाहण्यासारखी आहे. रसचर्चेत पानकरसाचा दृष्टान्त येतो. गूळ, मिरी इत्यादी घटकांपासून झालेल्या पेयाची चव त्या घटकांच्या बेरजेहून निराळी आणि अखंड असते, असा त्याचा आशय. परीक्षक नेमका हा अखंडपणा मोडतो: टेक्स्चरला गुण, प्लेटिंगला गुण, 'बॅलन्स'ला गुण. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपाकाचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांत आरंभीची चव आणि अखेरची चव यांचा हिशेब आहे. मृद्वीकापाक आरंभी बेचव वाटतो आणि शेवटी स्वादू होतो. क्रमुकपाक म्हणजे सुपारी, तिचे याच्या उलट. चवीला काळ असतो, हे त्या जुन्या आचार्याला ठाऊक होते. पडद्यावरच्या परीक्षकाला एक घास पुरतो. मृद्वीकापाकाची कविता या स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाद होईल. आणि आपल्या नियतकालिकांतील पुस्तक-परीक्षणे तरी याहून किती निराळी असतात, हा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही. 'आशय चांगला, भाषा सकस, मुखपृष्ठ देखणे' हे आपले प्लेटिंगच आहे.

मराठीत चवीसाठी शब्दांचा तुटवडा नाही. खमंग, खरपूस, सपक, मिळमिळीत, झणझणीत, तुरट, उग्र, कढत, पाणचट, आटीव. यांतला प्रत्येक शब्द चवीबरोबर आचेचे, वेळेचे, हाताचे काही सांगतो. 'खरपूस' म्हणताना पदार्थाचा मंद आचेवरचा वेळ त्यात येतो. आमच्या मराठी कार्यक्रमांत या साऱ्या शब्दांची जागा 'अप्रतिम' आणि 'टेस्टी' यांनी घेतलेली दिसते. ही तक्रार शुद्धिवाद्याची नाही. 'शेफ' हा शब्द मराठीत खुशाल यावा. आचारी, भटारी, खानसामा या शब्दांना जातीचा आणि चाकरीचा जो वास होता तो 'शेफ'ने पुसला, हा त्याचा लाभच आहे. परंतु वास पुसणे आणि इतिहास पुसणे यांत अंतर राखले पाहिजे.

प्रसिद्ध शेफ ही घटना या संदर्भात पाहावी. आपल्या आख्यानपरंपरेत स्वयंपाकी हा वेष आहे. अज्ञातवासात भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन राहतो, कारण तेथे त्याला कोणी शोधणार नाही. नळ बाहुक होतो. आणि दमयंती केशिनीकरवी त्याने शिजवलेले मांस मागवून चाखते, तेव्हा त्या चवीवरून आपल्या पतीला ओळखते. चाखण्याचा इतका अर्थपूर्ण प्रसंग भारतीय वाङ्मयात क्वचितच असेल. तेथे चव अभिज्ञान आहे. ती गुण देत नाही, माणूस परत देते. आधी दीर्घ सहवास आहे म्हणूनच तो एक घास पुरतो. आजच्या शेफच्या बाबतीत हा क्रम उलटतो. आधी चेहरा, नाव, सही. मग त्या नावामुळे चव. विष्णु मनोहर यांनी 2017 मध्ये नागपुरात दोन दिवसांहून अधिक काळ अखंड स्वयंपाक केला, तो पाहायला लोक जमले. त्यांच्या कष्टांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की तेथे तास मोजले गेले. 2025 च्या 'सेलिब्रिटी मास्टरशेफ'मध्ये उषा नाडकर्णी उतरल्या तेव्हा तर मराठी प्रेक्षक त्यांच्या हातची चव जोखायला बसलाच नव्हता. दशकानुदशके ओळखीची झालेली खाष्ट सासू परीक्षकांपुढे कशी उभी राहते, हे त्याला पाहायचे होते.

या रूपबंधात काय बसत नाही, हे पाहिले की त्याची मर्यादा अधिक स्पष्ट होते. रोहे तालुक्यातील धाटाव हे नाव बाहेरच्यांना औद्योगिक वसाहतीमुळे, तिच्या रासायनिक कारखान्यांमुळे ठाऊक असते. पण याच परिसरात, कुंडलिकेच्या खोऱ्यात, भात निघाल्यावर त्याच शेतात उरलेल्या ओलाव्यावर वाल होतो, आणि थंडीत पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ. कोणाच्या पोपटीत बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-लाकडे पेटवायची. एकदा जाळ लागला की आत पाहता येत नाही, चाखता येत नाही, मीठ वाढवता येत नाही. झाली की नाही ते वासावरून, मडक्यावर शिंपडलेल्या पाण्याच्या आवाजावरून ठरवायचे, आणि त्यावर चार जणांची पाच मते असतात. शेंगा एकाच्या शेतातल्या, पाला दुसऱ्याने आणलेला, जाळ तिसऱ्याचा. कर्ता कोण, हे सांगता येत नाही. पोपटीची चित्रणे आज भ्रमणध्वनीवर उदंड सापडतील. तिच्या निमित्ताने रायगडात कविसंमेलनेही भरतात. पण तिची स्पर्धा मांडायची तर कोणाच्या गळ्यात पदक घालणार? शिवाय तेथे खाणारा आणि पाहणारा वेगळा नसतो. सोललेल्या शेंगांची टरफले सगळ्यांच्याच पुढ्यात पडतात. भरताच्या दृष्टान्तातला सुमनस भोक्ता मला स्टुडिओपेक्षा त्या शेकोटीभोवती अधिक ओळखीचा वाटतो.

येथे एक धोका आहे. पोपटीसारख्या उदाहरणातून ग्रामजीवनाचे एक गोंडस चित्र उभे करून दूरचित्रवाणीला तुच्छ लेखणे सोपे आहे, आणि आपल्या संस्कृतिसमीक्षेने ते अनेकदा केले आहे. एका पंक्तीत कोण बसतो, हा प्रश्न शेकोटीलाही विचारावा लागतो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करून 'पूर्णब्रह्म' या शब्दातले गृहीतच उघडे पाडले. योगायोग असा की त्याच 2015 मध्ये 'मास्टरशेफ इंडिया'चा चौथा हंगाम संपूर्ण शाकाहारी ठेवण्यात आला. देशाचा सर्वोत्तम घरगुती स्वयंपाकी निवडायचा आणि ज्या घरांत सुकट, बोंबील, चिंबोऱ्या शिजतात ती घरे दाराबाहेर ठेवायची, यातला अर्थ उघड आहे. 'घरगुती' या विशेषणामागचे घर कोणाचे, हा प्रश्न त्या हंगामाने कधी विचारला नाही. आपल्या पाककृतींच्या बहुसंख्य पुस्तकांनीही विचारलेला नाही, हे नमूद केले पाहिजे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पहिल्या हंगामाच्या विजेत्या पंकज भदौरिया लखनौच्या शिक्षिका होत्या. घरातल्या बाईचा स्वयंपाक हे कौशल्य आहे, त्याला वेळ लागतो, त्यात चूक होऊ शकते आणि म्हणूनच ते श्रम आहेत, हे ज्या घरांत कोणी कधी बोलले नव्हते तेथे या स्पर्धेने ते ऐकवले. पंक्तीत 'वा!' म्हणणारा नवरा आमटी कशी झाली हे सांगत नव्हता. परीक्षक निदान आमटीत काय कमी आहे ते सांगतो. ज्या श्रमांचे कधी मूल्यमापन झाले नाही त्यांना कठोर निर्णयही सन्मानासारखा वाटू शकतो, आणि या स्पर्धांची स्त्रियांतील लोकप्रियता मी याच्याशी जोडतो.

या रूपबंधाचे स्वतःवरचे सर्वांत नेमके भाष्य कदाचित एका हलक्याफुलक्या मराठी कार्यक्रमातच सापडेल. झी मराठीवर 2021 च्या अखेरीस आलेल्या 'किचन कल्लाकार'मध्ये नटनट्यांना ओट्यापाशी उभे केले जाई, आणि निवाडा करायला प्रशांत दामले महाराजांच्या वेषात सिंहासनावर बसत. चौदा वर्षांपूर्वी जो पाहुणा म्हणून लोकांच्या पदार्थांना दाद देत होता, तोच आता मुकुट घालून दरबार भरवतो. घास, शांतता, भुवया, निकाल, सारे संकेत तेथे होते. फक्त कोणी घाबरत नव्हते. पदार्थ बिघडला तरी हशा व्हायचा, आणि त्या हशात चवीविषयी कोणीच काही बोलत नसे.