चक्रव्यूहाचे रूपक आणि मुक्त उद्योगाची अर्थव्यवस्था : एक चिकित्सा

प्रस्तावना

मुक्त उद्योगाची राष्ट्रीय अर्थव्यवस्था चार क्रियांवर चालते : उद्योजकाचा बाजारात प्रवेश, किंमतींमधून मिळणारे संकेत, नफा-तोट्याची कसोटी आणि अपयशी उद्योगाचे निर्गमन. यांपैकी पहिल्या तिन्हींचे विवेचन पाठ्यपुस्तकांतून विस्ताराने आढळते. चौथी क्रिया मात्र बहुधा उपेक्षित राहते. ही उणीव भरून काढण्याचा उल्लेखनीय प्रयत्न भारत सरकारच्या २०१५-१६ च्या आर्थिक पाहणीने केला. तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेल्या या पाहणीतील एक संपूर्ण प्रकरण भारतीय अर्थव्यवस्थेपुढील ‘चक्रव्यूहा’च्या आव्हानाला वाहिलेले आहे. या रूपकाने काय उजळले आणि काय झाकले, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

रूपकाचे सामर्थ्य

पाहणीचे प्रतिपादन थोडक्यात असे : अभिमन्यूला व्यूहात शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे नव्हते, भारतीय उद्योगाची स्थितीही तशीच झाली. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योगांचा अपवाद वगळता परवाना-पद्धती रद्द केली आणि प्रवेशाचे दार उघडले. निर्गमनाचे दार मात्र बंदच राहिले. १९७६ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद अधिनियमात ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना कामगारकपात व बंदसाठी शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक केली. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली. आजारी उद्योगांसाठी १९८५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार प्रकरण मंडळापुढे प्रलंबित असेपर्यंत धनकोंना वसुली करता येत नसे. परिणामी भांडवल मृतप्राय उद्योगांत अडकून पडले.

या विवेचनातील तर्क भक्कम आहे. तोट्याला शिक्षा नसेल तर नफ्यालाही अर्थ उरत नाही. अकार्यक्षम कारखाना अनुदानावर जगतो, तेव्हा कार्यक्षम कारखान्याला मिळू शकणारी जमीन, कर्ज व मनुष्यबळ तो अडवून ठेवतो. हितसंबंध, संस्था आणि विचारप्रणाली ही निर्गमनाच्या अडथळ्यांची तीन कारणे पाहणीने नेमकी हेरली आहेत.

रूपकाची मर्यादा

तथापि द्रोणपर्वातील कथा इतकी एकपदरी नाही. अभिमन्यूचा घात केवळ अपुऱ्या ज्ञानाने झाला नाही. त्याने व्यूह फोडावा आणि पांडवांनी पाठोपाठ आत शिरावे, असे ठरले होते. जयद्रथाने त्यांना दारातच रोखले आणि अभिमन्यू एकाकी पडला. पाहणीने कथेचा हा उत्तरार्ध सैद्धांतिक पातळीवर वापरलेला नाही. त्यामुळे उद्योग ही एकसंध व्यक्ती ठरते आणि व्यूहात सापडलेला नेमका कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास याचे उत्तर देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढील काळात एकामागून एक गिरण्यांचे धोटे थांबले. बंदसाठी परवानगीची अट कायद्यात होती, तरी ती रोजगार वाचवू शकली नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीची महापालिका, गृहनिर्माण मंडळ व मालक यांच्यात वाटणी ठरविली. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. अर्थात भांडवलाला जमिनीच्या मूल्यातून वाट सापडली. मागावर आयुष्य घालविलेल्या कामगाराच्या कौशल्याला मात्र नव्या मॉलमध्ये वा कार्यालयीन इमारतीत जागा नव्हती. एकाच कारखान्यातून भांडवल बाहेर पडले, श्रम आत राहिले.

संहितेनंतरचे चित्र

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ ने निर्गमनाला कालमर्यादा घातली. २०१९ च्या दुरुस्तीने ती एकूण ३३० दिवसांची झाली. परिसमापनात कामगारांच्या त्यापूर्वीच्या २४ महिन्यांच्या थकबाकीला तारण सोडून देणाऱ्या सुरक्षित धनकोंच्या बरोबरीचे स्थान मिळाले. ही प्रगती नाकारता येत नाही. परंतु उद्योगाचे भवितव्य ठरविणाऱ्या धनको समितीत मताधिकार मुख्यतः वित्तीय धनकोंचा असून कामगार हा थकबाकीदार म्हणून बाहेर उभा राहतो. पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्वपरवानगीची मर्यादा पुन्हा ३०० कामगारांवर नेली आणि कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद केली. त्या निधीत मालकाने प्रत्येक कामगारामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरावयाची आहे. एका पिढीचे कौशल्य कालबाह्य झाल्यावर पंधरा दिवसांचे वेतन किती अंतर कापणार, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष

आर्थिक पाहणीने निर्गमनाचा प्रश्न केंद्रस्थानी आणला, हे तिचे मोठे योगदान होय. मात्र मुक्त उद्योगाची व्यवस्था साधनांच्या पुनर्वाटपाने समर्थनीय ठरते आणि श्रम हेही साधन आहे. भांडवल ३३० दिवसांत मोकळे व्हावे, अशी अपेक्षा कायदा करतो. श्रम किती दिवसांत नव्या कामाला लागावेत, याविषयी तो मौन पाळतो. हे मौन बाजाराच्या स्वाभाविक गतीतून आलेले नाही. प्रवेशाचे व निर्गमनाचे नियम राज्यसंस्थाच घडविते. म्हणून व्यूहाचे दार उघडताना ते कोणाकोणासाठी उघडते आणि दारात जयद्रथ कोण उभा आहे, हे तपासणे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.